परळच्या रूमचं जादा बिल: ग्राहक आयोगातल्या केसच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

आप्पा, माझे वडील, सोलापूरला घरी आलेत, जेवण हळूहळू सुरू झालंय, आता ती प्लास्टिकची पिशवी उघडली ज्यात परळच्या सगळ्या पावत्या होत्या. २ सप्टेंबर २०२४ ला आम्ही टाटा हॉस्पिटलजवळच्या एका गेस्ट हाऊसमध्ये रूम घेतली आणि २७ फेब्रुवारीला सोडली, मधे एकही रात्र रूम रिकामी नव्हती, कधी मी कधी दादा पण आप्पा कायम तिथेच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, केमोची तारीख ठरलेली होती, म्हणून ही रूम.

ठरलं काय होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर जसंच्या तसं आहे. मॅनेजरचा मेसेज: "दोन जण, महिना २४,००० सगळं धरून, लाइट मीटरप्रमाणे १८ रु. युनिट, डिपॉझिट ३०,०००." बस. यात सर्व्हिस चार्ज नाही, टॅक्स वेगळा असं काही नाही.

आणि घेतलं काय ते एक्सेलमध्ये टाकलं:
२४,००० ची सहा बिलं, शेवटच्या चार रात्रींचं १,८०० रोजाने ७,२००, म्हंजे भाडं १,५१,२००. त्यावर ५ टक्के सर्व्हिस चार्ज ७,५६०. दोन्हींच्या बेरजेवर १२ टक्के जीएसटी १९,०५१. आणि डिपॉझिटमधून "पेंटिंग व नोटीस पिरियड" म्हणून २२,००० कापले, ८,००० परत दिले.

तेव्हा का नाही बोललो असं घरात विचारलं जातंय. बोललो होतो. पण ज्या दिवशी बिल हातात येतं त्याच दिवशी रक्ताचे रिपोर्ट आणायचे असतात, माणूस पैसे भरतो आणि हॉस्पिटलला पळतो. तिथे राहणाऱ्या सगळ्यांचं हेच होतं, म्हणून तर हे इतकं बिनधास्त चालतं. मला हे सोडायचं नाहीये.

५ मार्च

बिलांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्यावर खरा प्रकार दिसला. २ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर. १ ऑक्टोबर ते ३० ऑक्टोबर. ३० ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर. २८ नोव्हेंबर ते २७ डिसेंबर. २७ डिसेंबर ते २५ जानेवारी. २५ जानेवारी ते २३ फेब्रुवारी. प्रत्येक बिल बरोबर २९ रात्रींचं. प्रत्येक वेळी कागदावर चेक-आउट आणि त्याच दिवशी परत चेक-इन, रूम तीच, किल्ली आमच्याच खिशात.

याने दोन गोष्टी होतात. एक, "महिना" २९ दिवसांचा होतो, म्हंजे दर वेळी एकदोन दिवस पुढे सरकतात आणि शेवटी जे चार दिवस उरतात ते रोजाच्या दराने लागतात. ठरल्याप्रमाणे २ सप्टेंबर ते २ फेब्रुवारी पाच महिन्यांचे १,२०,००० आणि पुढचे २५ दिवस ८०० रोजाने २०,०००, एकूण १,४०,००० व्हायला हवे होते, घेतले १,५१,२००. फरक ११,२००.

दुसरी गोष्ट जीएसटीची, आणि ती मोठी आहे.

८ मार्च, शनिवार

मी टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, रिटर्न भरणं रोजचंच काम, त्यामुळे हा भाग नीट लिहून ठेवते.

जीएसटी कौन्सिलची ५३ वी बैठक २२ जून २०२४ ला झाली, त्यात ठरलं आणि १५ जुलै २०२४ पासून लागू झालं: राहण्याची सेवा माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंत असेल आणि सलग किमान ९० दिवस दिलेली असेल तर जीएसटी माफ. आमची रूम दोघांत २४,०००, सर्व्हिस चार्ज धरला तरी २५,२००, म्हंजे माणशी १२,६००. आणि राहिलो सलग १७८ रात्री. दोन्ही अटी बसतात.

ही सूट आली तेव्हा सगळीकडे होस्टेल-पीजीची बातमी म्हणून आली होती, तर समोरचे म्हणणार की आम्ही गेस्ट हाऊस, आम्हाला लागू नाही. पण नोटिफिकेशनच्या वाक्यात होस्टेल हा शब्द नाहीये, "राहण्याची सेवा" एवढंच आहे. आणि मग लक्षात येतं की २९-२९ दिवसांचे तुकडे कशासाठी, कागदावर ९० दिवस कधी होतच नाहीत.

मग त्यांचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला. २७ पासून सुरू म्हंजे महाराष्ट्र, नाव जुळतं, नोंदणी चालू आहे. आणि खाली टॅक्सपेयर टाइप: कंपोझिशन. मी दोनदा बघितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कंपोझिशन म्हंजे छोट्या धंद्यासाठी सोपी योजना, उलाढालीवर ठरावीक टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे, हिशोबाची कटकट कमी. पण त्याच्या बदल्यात गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १०(४) सरळ तेच सांगतं. टॅक्स इनव्हॉइस पण देता येत नाही, "बिल ऑफ सप्लाय" द्यावं लागतं आणि त्यावर लिहावं लागतं की हा कंपोझिशनवाला आहे, टॅक्स घ्यायचा हक्क नाही. आमच्या प्रत्येक बिलावर मात्र सीजीएसटी ६, एसजीएसटी ६ टक्के छापलंय.

म्हंजे ९० दिवसांची सूट त्यांना लागू नाही असं घडीभर धरलं तरी हे १९,०५१ रुपये घ्यायचा त्यांना हक्क नव्हता. दोन वेगवेगळे मुद्दे, एक पडला तरी दुसरा उभा राहतो. पोर्टलच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट आणि पीडीएफ ठेवलं, उद्या स्टेटस बदललं तर.

१५ मार्च

मॅनेजरला फोन केला, शांतपणे सगळं सांगितलं. तो म्हणाला ताई, आमची सिस्टीम ३० च्या पुढे बुकिंग घेतच नाही, आणि टॅक्स तर गव्हर्नमेंटला जातो, आम्ही काय करणार. मालकाशी बोलून सांगतो म्हणाला. फोननंतर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं की आत्ता आपलं हे हे बोलणं झालं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

जुना चॅट वर सरकवत गेले तर २८ नोव्हेंबरचा त्याचाच मेसेज सापडला. त्या दिवशी आप्पांना १०१ ताप होता आणि मी विचारलं होतं की बिलावर चेक-आउट का दाखवलंय, रूम सोडायची नाहीये. त्याचं उत्तर: "रूम तीच राहील ताई, सामान हलवू नका, फक्त पेपरवर एंट्री करतो." हा मेसेज म्हंजे अख्ख्या केसचा कणा आहे.

२४ मार्च

१९१५ वर तक्रार नोंदवली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नंबर मिळाला. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, समोरच्याला कळवून मिटतंय का बघते एवढंच, पण आधी प्रयत्न केला होता हे कागदावर राहतं.

३० मार्च, गुढीपाडवा

पेपरात आलंय की परवा २८ तारखेला दिल्ली हायकोर्टाने सर्व्हिस चार्जवरची ग्राहक प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. दादाने लगेच फोटो पाठवला, आता जिंकलोच म्हणून. पण वाचून बघितलं तर तो वाद हॉटेल-रेस्टॉरंटच्या खाण्याच्या बिलाचा आहे, आपला रूमचा. त्यामुळे त्याचा उल्लेख करायचा पण सगळा भार त्यावर टाकायचा नाही. आपला आधार साधा आहे, "सगळं धरून" असं लिहून दिल्यावर वरून ५ टक्के लावता येत नाहीत.

११ एप्रिल

हेल्पलाइनला गेस्ट हाऊसचं उत्तर एका ओळीत, पॉलिसीप्रमाणे चार्ज केलाय. मग आज नोटीस पाठवली, आरपीएडीने म्हंजे पोहोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने, सोबत ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप. आमच्या गल्लीतल्या वकील काकांनी मसुदा बघून दिला, ते दिवाणी कोर्टातून निवृत्त झालेत, फी घ्यायला तयार नाहीत. त्यांनी अर्धं खोडलं. मी आप्पांच्या आजारपणाचं दोन पानं लिहिलं होतं, काका म्हणाले हे तुझं दुःख खरंय पण नोटिशीत रक्कम, तारीख, कशाच्या आधारावर आणि किती दिवसांत, एवढंच ठेव, बाकीचं शपथपत्रात येईल. पंधरा दिवसांची मुदत दिली. मागणी ५९,८११: भाड्यातला फरक ११,२००, सर्व्हिस चार्ज ७,५६०, जीएसटी १९,०५१, डिपॉझिट २२,०००.

लाइटचं वेगळं विचारलंय. १८ रुपये युनिट ठरलं होतं हे मान्य, पण मूळ बेस्टच्या बिलाची प्रत द्या म्हटलंय.

१४ मे

पोहोचपावती सही होऊन आधीच आली होती, आज त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. मुद्दा असा की हा लिव्ह अँड लायसन्सचा व्यवहार होता, भाडेकरू ग्राहक नसतो, त्यामुळे काय असेल ते दिवाणी कोर्टात जा, ग्राहक आयोगाला अधिकार नाही. आणि दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की प्रत्येक २९ दिवसांचं बुकिंग हे स्वतंत्र हॉटेल बुकिंग होतं.

दोन्ही एकाच वेळी कसं असेल. हॉटेल असेल तर ती सेवा आहे आणि आम्ही ग्राहक. लिव्ह अँड लायसन्स असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. कुठे आहे तो करार? आणि नसेल तर त्याच कलमाप्रमाणे अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात जोवर उलट सिद्ध होत नाही.

रोज चादर बदलणं, झाडू-पोछा, सकाळचा चहा, रिसेप्शनवर रजिस्टर, हे सगळं होतं. ही सेवाच. काका उत्तर वाचून खूश झाले, म्हणाले जपून ठेव, त्यांच्याच कागदात त्यांचीच दोन तोंडं आहेत.

२५ मे, रविवार

कुठे दाखल करायचं याचा निर्णय. आमचे सगळे नातेवाईक म्हणतायत मुंबईला चकरा मारणार का त्या पैशासाठी, सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट, राहणं, रजा. पण हा १९८६ चा जुना कायदा डोक्यात आहे म्हणून. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला त्यात कलम ३४ मध्ये आहे की तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हंजे सोलापूर. आम्हाला जायचं नाही, त्यांनी यायचं किंवा व्हिडिओवर हजर राहायचं. उपचाराला, शिक्षणाला बाहेरगावी राहून आलेल्या माणसासाठी ही एवढी एक तरतूद सगळ्यात मोलाची आहे आणि ती कोणालाच माहीत नाही, मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे चकित झाले.

बाकी: जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत, दिलेल्या मोबदल्यावर मोजतात. ५ लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं, कलम ६९.

काकांनी एक बारकावा सांगितला. मी तक्रारीत "अनुचित करार" असा शब्द घातला होता, २९ दिवसांच्या अटीबद्दल. तो काढायला लावला, कारण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोग. म्हणून "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" एवढंच ठेवलं. एका शब्दावरून समोरच्याने सहा महिने हद्दीचा वाद घातला असता.

९ जून, सोमवार

दाखल केलं. ई-जागृती पोर्टलवर, जानेवारीपासून ई-दाखिलच्या जागी हेच आहे. तक्रारदार दोघं, क्रमांक १ आप्पा कारण बिलं त्यांच्या नावावर, क्रमांक २ मी कारण पैसे माझ्या खात्यातून यूपीआयने गेले. सामनेवाले म्हणून गेस्ट हाऊस आणि त्याचा मालक. नुकसानभरपाई २५,००० आणि खर्च १०,००० मागितलाय.

कागदांची यादी करताना आप्पांची खरी कमाल कळली. आप्पा एसटीत कंडक्टर होते, जन्मभर तिकीट आणि पैसे यांचा मेळ घातलेला माणूस, त्यांनी परळच्या रूममधल्या कालनिर्णयवर रोज लिहून ठेवलंय. मीटरचं रीडिंग, चादर बदलली, चहा आला नाही, केमो, पोरगी गेली, पोरगा आला. हात थरथरत होता ते अक्षरात दिसतं, पण तारीख सुटलेली नाही, ज्या दिवशी चेक-आउट दाखवलंय त्या दिवशी पण "इंजेक्शन ६ वा., रूमवर" असं आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं रूममधल्या फ्रीजमध्ये असायची, ती घेऊन माणूस कुठे चेक-आउट करणार. निघताना ते कॅलेंडर आई काढून घेऊन आली होती, टाकून द्यायला मन झालं नाही म्हणून. ती सगळी पानं स्कॅन करून जोडली.

२७ जून

दाखल करून घेतली. आयोगाने विचारलं की भाड्याचा वाद आहे का हा, मी उठून सांगितलं की नाही सर, सेवा होती, चादर-चहा-सफाईसकट, आणि बिलावर त्यांनीच "रूम टॅरिफ" लिहिलंय. नोटीस काढायचा आदेश झाला. पाय लटपटत होते पण आवाज नीट निघाला.

१२ ऑगस्ट

नोटीस त्यांना ८ जुलैला मिळाल्याचं पोस्टाच्या ट्रॅकिंगवर आहे, ती प्रिंट दाखल केली. आज त्यांचे वकील मुंबईहून व्हिडिओवर आले, वकीलपत्र देतो, लेखी जबाबाला मुदत द्या म्हणाले. मिळाली, पण आयोगाने कायद्यातल्या दिवसांची आठवण करून दिली.

२५ ऑगस्ट

३० दिवस अधिक १५, म्हंजे ४५. ८ जुलैपासून मोजले तर २२ ऑगस्टला संपले. जबाब आलेला नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज या केसमध्ये सांगितलंय की या ४५ दिवसांच्या पुढे आयोग एक दिवसही वाढवू शकत नाही. तो निकाल लावून अर्ज दिला की "विना जबाब" पुढे चालवावं.

परवा गणपती बसतोय, आप्पांनी यावेळी स्वतः आरास करायची म्हणून हट्ट धरलाय, त्यामुळे आठवडाभर फाइल बंद.

१८ सप्टेंबर

त्यांनी उशीर माफीचा अर्ज दिला होता, कारण वकिलांची तब्येत. नामंजूर. जबाबाशिवाय पुढे चालणार. कायद्याच्या मुद्द्यावर तोंडी युक्तिवाद करायचा त्यांचा हक्क मात्र राहतो, त्यामुळे लिव्ह अँड लायसन्सचं घोडं ते पुढे करणारच, तयारी सोडायची नाही.

२३ सप्टेंबर

कालपासून हॉटेलच्या ७,५०० पर्यंतच्या रूमवर जीएसटी १२ वरून ५ झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या मग तुमची केस ५ टक्क्यांवर येणार का. नाही. आमची बिलं आधीची, आणि आमचं म्हणणं दर जास्त लावला हे नाहीचे, घ्यायलाच नको होता हे आहे.

१४ ऑक्टोबर

पुरावा शपथपत्र दाखल. यात सगळ्यात वेळ गेला तो व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्टिफिकेटमध्ये, म्हंजे हा चॅट मूळ फोनमधलाच आहे याचा दाखला. पूर्वी ६५बी म्हणायचे, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय त्यात ते कलम ६३ झालं. दोन भाग असतात, भाग अ आपण भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हंजे तिचा डिजिटल ठसा, लिहायची. ग्राहक आयोगात पुराव्याचा कायदा तितका काटेकोर लावत नाहीत असं काका म्हणाले, पण तो एक मेसेज एवढा महत्त्वाचा आहे की त्यावर बोट ठेवायला जागा नको. दादाचा मित्र कॉम्प्युटर फॉरेन्सिकचं काम करतो, त्याने भाग ब करून दिला. मूळ फोन बदलायचा नाही, चॅट डिलीट करायचा नाही, फॉरवर्ड केलेला मेसेज पुरावा म्हणून द्यायचा नाही.

अजून एक मोठी गोष्ट झाली. आमच्या शेजारच्या रूममध्ये नांदेडचं एक कुटुंब होतं, त्यांची मुलगी ट्रीटमेंटला होती, त्यांनाही २९ दिवसांचीच बिलं. मी फोन केला तेव्हा वाटलं नको म्हणतील, पण त्या ताईंनी लगेच नोटरी करून शपथपत्र पाठवलं, सोबत त्यांच्या बिलांच्या प्रती. त्यात स्पष्ट लिहिलंय की आम्ही मधे कधीच रूम सोडली नाही. मुलगी बरी आहे, शाळेत जाते. हे ऐकून फोनवर दोघी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

६ नोव्हेंबर

मालकाचा स्वतःचा फोन. २५,००० घ्या आणि मिटवा, वर म्हणाला पेशंट बरा झाला ना, मग आता देवाचं नाव घ्या. मी म्हटलं तुम्ही आयोगापुढे मध्यस्थीला या, लेखी संमती देऊ, तिथे बोलू. कलम ३७ मध्ये तशी सोय आहे. तो म्हणाला तिकडे नको, बाहेरच. नाही म्हटलं.

घरात चर्चा झाली. आईचं म्हणणं घ्या आणि सुटा. दादा मधेच. आप्पा म्हणाले, "मी एक रुपया कमी आला तरी डेपोत खिशातून भरलाय. याने घेतलेला याने भरायचा." मग विषय संपला.

९ डिसेंबर

अंतिम युक्तिवाद. लेखी युक्तिवाद आधीच दिला होता, तरी बोलायला मिळालं. त्यांचे वकील लिव्ह अँड लायसन्सवर बराच वेळ बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त त्यांच्या नोटीस-उत्तराचे दोन परिच्छेद वाचून दाखवले आणि म्हटलं यातलं कुठलं खरं ते आधी त्यांनी सांगावं. मग २८ नोव्हेंबरचा मेसेज, मग त्याच तारखेचं कालनिर्णयचं पान. मग कंपोझिशन, कलम १०(४), आणि बिलावरचा १२ टक्के. जीएसटीवर त्यांच्या वकिलांकडे उत्तर नव्हतं, म्हणाले तो विषय टॅक्स खात्याचा आहे. मी म्हटलं सर, खात्याने काय करायचं ते खातं करेल, माझ्या खिशातून टॅक्सच्या नावाने हक्क नसताना पैसे गेलेत, ते परत मागायला मी इथे आलेय.

निकालासाठी ठेवलं.

३० जानेवारी २०२६

तक्रार अंशतः मंजूर.

भाड्यातला फरक ११,२००, मंजूर. २९ दिवसांची बुकिंगं फक्त कागदावर होती आणि वास्तव्य सलग होतं असं आयोगाने मेसेज आणि कॅलेंडर दोन्हींचा उल्लेख करून लिहिलंय. सर्व्हिस चार्ज ७,५६०, मंजूर. डिपॉझिट २२,०००, मंजूर, पेंटिंगचं बिल किंवा फोटो काहीच दाखवलं नाही म्हणून. जीएसटी १९,०५१, मंजूर, कंपोझिशनच्या मुद्द्यावर. ९ जून २०२५ पासून पैसे देईपर्यंत ७ टक्के व्याज. मानसिक त्रासापोटी १०,००० आणि खर्च ५,०००. मुदत ४५ दिवस.

लाइटचं नामंजूर, दर आधी मान्य केला होता आणि जादा घेतल्याचा पुरावा नाही. हे मला पटतं, तिथे आमची बाजू कच्चीच होती.

एक गोष्ट मात्र लागली. ९० दिवसांच्या जीएसटी माफीवर आयोगाने मत दिलं नाही, कंपोझिशनवर रक्कम मंजूर होतेय म्हणून त्या मुद्द्यात जायची गरज नाही असं लिहिलं. कायद्याने ते बरोबर आहे. पण परळमध्ये असे किती गेस्ट हाऊस आहेत, जे कंपोझिशनमध्ये नाहीत, त्यांच्याकडे राहणाऱ्यांना हा मुद्दाच लागणार होता. वास्तव्य सलग होतं हा निष्कर्ष तरी लेखी मिळालाय, तो पुढच्याला वापरता येईल.

अपील करायचं तर ४५ दिवसांत राज्य आयोगात, १६ मार्चपर्यंत, आणि आदेशाच्या निम्मी रक्कम भरून. पाळलं नाही तर कलम ७२, एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख दंड. प्रमाणित प्रत घेतली.

१२ मार्च, गुरुवार

खात्यावर ७४,८११ आले. मुद्दल ५९,८११ अधिक १५,०००, व्याज नाही. आजपर्यंतचं व्याज ३,१६६ होतं. पत्र पाठवलं, स्पीड पोस्ट आणि ईमेल, की राहिलेली रक्कम आली नाही तर वसुलीचा अर्ज तयार आहे.

दादा म्हणाला सोड तीन हजार. नाही सोडत, आदेशात लिहिलेलं आहे.

२४ मार्च

३,१६६ आले. आदेशाप्रमाणे पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती ईमेलवर दिली, प्रत फाइलला.

राज्य जीएसटी कार्यालयाला वेगळं पत्र पाठवलंय, बिलांच्या प्रती आणि आदेशाची प्रत जोडून, कंपोझिशनवाला गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेतोय एवढंच लिहून.

नांदेडच्या ताईंनी स्वतःची तक्रार करायचं ठरवलंय. त्यांनी रूम जानेवारी २०२५ मध्ये सोडली, म्हंजे जानेवारी २०२७ पर्यंत मुदत आहे, त्यांच्या जिल्ह्यातच दाखल होईल. माझ्या तक्रारीचा मसुदा, कागदांची यादी, कलम ६३ चं सर्टिफिकेट आणि आदेशाची झेरॉक्स आज कुरियर केली. त्यांच्या बिलांचं एक्सेल रविवारी बसून फोनवर करायचंय, त्यांची पहिली दोन बिलं सापडत नाहीयेत, बँक स्टेटमेंटवरून काढावी लागतील.